किती करायचे, आपा?



भगिनींनो, गेल्या मे महिन्यात अकरा वर्षांच्या एका मुलाने आम्हाला एक प्रश्न विचारला. तो अजून मनातून जात नाही, म्हणून या महिन्याचे पान त्या प्रश्नासाठीच ठेवले आहे.

आमच्या मोहल्ल्यातल्या शाळेच्या अंगणात, कडुनिंबाच्या सावलीत बावीस मुले गोल करून बसली होती. मध्ये ढीग होता. गुलमोहराच्या वाळलेल्या शेंगा, बाभळीच्या शेंगा, चिंचोके, आंब्याच्या कोयी, नारळाच्या शेंड्या, कडब्याची ताटे, तळ्याकाठची काळी माती आणि विडीच्या पानांची कातरण. ‘यातले हवे ते घ्या आणि हाताने काहीतरी उभे करा,’ एवढेच आम्ही सांगितले होते. मुले ढिगावर तुटून पडली. हा मुलगा मात्र जागचा हलला नाही. त्याने पानाच्या कातरणीचा एक तुकडा उचलला, अंगठा आणि बोटांत धरला आणि बघता बघता त्याची सुरेख सुरळी वळली. मग आमच्याकडे पाहून म्हणाला, “किती करायचे, आपा?”

त्याची अम्मी विड्या वळते. सोलापुरात हजारो घरांत हे काम चालते. तेंदूची पाने भिजवायची, पत्र्याच्या मापाने कातरायची, तंबाखू भरून वळायची, दोऱ्याने बांधायची, टोके दुमडायची. मजुरी हजार विड्यांमागे मिळते. त्यामुळे घरात बोलणे असते ते आकड्यांचे. आज किती झाल्या, उद्या किती द्यायच्या, किती खराब म्हणून बाजूला निघाल्या. शाळेतून आलेले लेकरू अम्मीच्या शेजारी टेकते आणि टोके दुमडू लागते. कोणी त्याला मुद्दाम बसवत नाही. घरची ओढाताण त्यालाही दिसत असते.

त्या मुलाची बोटे बावीस मुलांत सगळ्यात तयार होती. पण हाताने काम करायचे म्हणजे कोणासाठी तरी, ठरलेल्या मापाचे, मोजून द्यायचे, हेच त्याला माहीत होते. ‘तुला काय करावेसे वाटते?’ असे त्याच्या हातांना आजवर कोणी विचारले नसावे. त्या दिवशी आम्हालाही चटकन उत्तर सुचले नाही. “एकच कर,” आम्ही म्हणालो, “पण तुझ्या मनातले कर.” तो बराच वेळ नुसता बसून राहिला.

खर्च चहा-बिस्किटांचा

हे शिबिर आम्ही चौघींनी मिळून घेतले. आमच्यातल्या एक चित्रकलेच्या निवृत्त शिक्षिका, बाकी तिघी घर सांभाळणाऱ्या. सुट्टी लागली की मोहल्ल्यात काय होते ते आपण सगळ्या जाणतो. दहानंतर बाहेर पाय ठेवता येत नाही, पारा चाळीसच्या वर, मुले घरात आणि हातात मोबाइल. पैसेवाल्यांची मुले उन्हाळी वर्गांना जातात. बाकीच्यांनी काय करायचे?

म्हणून तीन सकाळी ठरवल्या, साडेसात ते दहा. फी नाही. नियम तीन. एक, काहीही विकत आणायचे नाही. दोन, झाडावरचे तोडायचे नाही, खाली पडलेलेच उचलायचे. तीन, कोणी कोणाची नक्कल करायची नाही. खर्च झाला तो चहा-बिस्किटांचा आणि सुतळीच्या एका गुंडीचा. तेवढ्यापुरता पहिला नियम आम्हीच मोडला.

पहिल्या सकाळचा पहिला तास नुसता गोळा करण्यात गेला. रोज ज्या रस्त्याने मुले शाळेत जातात त्याच रस्त्यावर ती खाली वाकून चालत होती. गुलमोहराची शेंग हलवली की खुळखुळते, बाभळीची शेंग मण्यांच्या माळेसारखी दिसते, चिंचोका घासला की चकाकतो, हे त्यांना नव्याने कळत होते. एका मुलीने घरून डबा आणला. त्यात रमजानमध्ये इफ्तारीला खाल्लेल्या खजुरांच्या बिया होत्या, धुऊन वाळवलेल्या. “दादीने टाकू दिल्या नाहीत,” ती म्हणाली. कशासाठी जपल्या ते दादीलाही ठाऊक नसेल, पण त्या कामी आल्या.

कडब्याची ताटे पाहिल्यावर मोठी माणसेही पुढे सरकली. सोलापूर हा ज्वारीचा जिल्हा. आमच्या पिढीतल्या ज्यांचे बालपण गावाकडे गेले त्यांनी ताटाचा चष्मा केलेला असतो, बैलगाडी केलेली असते. ताटाची कडक साल सोलायची, तिच्या काड्या करायच्या आणि आतल्या पांढऱ्या मऊ गराच्या तुकड्यांत त्या खुपसायच्या. खिळा नको, डिंक नको. शाळेच्या शिपाईमामांनी पाच मिनिटांत चाकांची गाडी करून दाखवली आणि मुले त्यांच्याभोवती गोळा झाली. त्या दिवशी खरे गुरुजी तेच होते.

मागची बाजूही असते

चित्र आणि शिल्प यांतला फरक आमच्या शिक्षिकाबाईंनी मुलांना दोन वाक्यांत सांगितला. चित्राला एकच बाजू असते, शिल्पाला मागची बाजूही असते. आणि शिल्प उभे राहिले पाहिजे. मग प्रत्येकाला त्यांनी आपल्या वस्तूभोवती एक फेरी मारायला लावली. पुढून देखणे दिसणारे घर मागून उघडेच आहे, हे तेव्हा मुलांच्या ध्यानात आले.

उभे राहण्याचा धडा तर वस्तूंनीच दिला. दोन पायांवर काही ठरेना, तीन पायांवर ठरले. वरचा भाग जड झाला की मनोरा कलंडला, खाली दगड ठेवला की सरळ झाला. शाळेत गुरुत्वमध्य पाठ करणाऱ्या सातवीतल्या मुलाने हे करून पाहिल्यावर “अच्छा, ते हे होय!” असे म्हटले.

जोडायचे कसे, हा पुढचा प्रश्न. पाने टाचायला बाभळीचे काटे. ब्रिटनमधले अँडी गोल्ड्सवर्दी नावाचे नामांकित शिल्पकार पाने काट्यांनीच टाचतात, दगड एकमेकांवर तोलून ठेवतात आणि केलेले काम तिथेच वाऱ्यापावसाच्या हवाली करतात. मागे राहतो तो फक्त फोटो. मुलांना हे ऐकून मौज वाटली. एकाने विचारले, “मग त्यांना पैसे कशाचे मिळतात?” सोलापूरच्या मुलाने हे विचारणारच.

फजितीही झाली. तळ्याची काळी माती नुसतीच कालवली होती, ती दुसऱ्या दिवशी भेगाळून पडली. मातीत बारीक भुसा मळून घातला की भेगा कमी पडतात, हे आम्हाला आठवायला हवे होते. घराच्या भिंती लिंपणाऱ्या बायांना ते कोणी शिकवावे लागत नव्हते. खजुराच्या बियांची भिंत तीनदा कोसळली. चौथ्यांदा मुलीने बिया एकाआड एक बसवल्या, गवंडी विटा बसवतो तशा, आणि भिंत टिकली. आम्ही मध्ये पडलो नाही. पडलो असतो तर ती पहिल्यांदाच टिकली असती आणि मुलीला काही कळले नसते.

ज्यांनी आधी वाट पाडली

आमच्या या खटपटीत नवे काही नाही. महाराष्ट्रात हे काम फार मोठ्या माणसांनी करून ठेवले आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये समुद्राकाठच्या बोर्डी गावी ग्रामीण मुलांसाठी बालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ मध्ये हे काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. माँटेसरी पद्धतीची साधने महाग, गावाला न परवडणारी. म्हणून या दोघींनी शिंपले, खडे, बिया, पाने, फुले, माती यांतूनच साधने उभी केली. आदिवासी मुले गुरे चारायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणावर नेली. तिचे नाव कुरणशाळा. आज गावोगाव जी अंगणवाडी आहे, तिची कल्पना आणि ते नाव ताराबाईंच्याच कामातून आले.

पुण्याच्या आयुकातल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात अनेक वर्षे काम केलेले अरविंद गुप्ता याच वाटेवरचे. आयआयटी कानपूरचे इंजिनिअर. होशंगाबादच्या खेड्यांतल्या शाळांत विज्ञान शिकवण्याच्या उपक्रमात ते गेले आणि काडेपेटीच्या काड्या व सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांपासून आकृत्या जोडायला मुलांना शिकवू लागले. आमच्या ताटाच्या गाडीची ती सख्खी बहीणच. वाळक्या पानांपासून प्राणी करण्याचेही त्यांचे पुस्तक आहे. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

आणि तिसरे नाव आपल्या वाचकांनी विशेष लक्षात ठेवावे असे. ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींच्या पुढाकाराने वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. हातकामाच्या आधारे शिक्षण द्यायचे, म्हणजेच नई तालीम, असे तिथे ठरले आणि त्याचा अभ्यासक्रम आखायला समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष होते डॉ. झाकिर हुसेन, तेव्हा जामिया मिल्लियाचे कुलगुरू, पुढे १९६७ मध्ये देशाचे राष्ट्रपती. त्याच झाकिरसाहेबांनी मुलांसाठी उर्दूत ‘अब्बू खाँ की बकरी’ ही गोष्ट लिहिली.

त्या समितीच्या अहवालात एक धोक्याची सूचना आहे. शाळेत हातकाम आणले की कमाईच्या बाजूवर भर पडेल, मुलांकडून जास्तीत जास्त काम काढून घेण्यातच शिक्षकांचे लक्ष जाईल आणि शिक्षण बाजूला राहील, असे होऊ देऊ नका, असा तिचा आशय. नव्वद वर्षे होत आली. आमच्या अंगणातल्या मुलाचा “किती करायचे?” हा प्रश्न नेमका त्याच जागचा होता. हाताला काम आहे, पण त्या कामात मूल स्वतः कुठे आहे?

मेहनतीला आम्ही कमी लेखत नाही. हलाल कमाईसाठी झिजलेल्या हातांवरच आपली घरे उभी आहेत. सोलापूरची चादर अशाच हातांनी नावारूपाला आली. पण मुलाच्या हाताची पहिली ओळख मजुरीशी व्हावी की घडवण्याशी, एवढाच प्रश्न आहे. १९८९ चा बालहक्कांचा करार भारताने १९९२ मध्ये स्वीकारला. त्याच्या एकतिसाव्या कलमात विश्रांती, खेळ आणि कला हा प्रत्येक मुलाचा हक्क मानला आहे. विडी वळणाऱ्या घरातले मूल त्यातून वगळलेले नाही.

एक मुलगी आली नाही

दुसऱ्या दिवशी खजुराच्या बिया आणणारी मुलगी दिसली नाही. दुपार कलल्यावर आम्ही तिच्या घरी गेलो. तिचे अब्बू यंत्रमागावर काम करतात, रात्रपाळी करून आले होते. पाणी दिले, बसायला सांगितले आणि मग खाली पाहत म्हणाले, “आपा, वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही मूर्ती करायला शिकवता म्हणे. आमच्यात ते बसत नाही.”

आम्ही वाद घातला नाही. शंका खरी होती आणि त्यांनी ती तोंडावर विचारली होती, मागे बोलले नव्हते. आपल्यातल्या कितीतरी घरांत शिल्प हा शब्द ऐकताच हीच शंका येते. तिला हसणे आम्हाला शोभणार नाही.

मशिदीतल्या मौलानासाहेबांना आम्ही विचारले. त्यांनी सांगितलेला गोषवारा असा. सजीवांच्या प्रतिमा घडवण्याबद्दल हदीसमध्ये कडक इशारे आहेत आणि बहुतेक उलेमा पुतळे घडवणे नाजायज मानतात. पण प्रतिमा करून पोट भरणारा एक माणूस हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांच्याकडे आला, तेव्हा त्यांनी त्याला तो इशारा ऐकवला आणि करायचेच असेल तर झाडे आणि निर्जीव वस्तू कर, असा मार्गही दाखवला. हे बुखारी शरीफमध्ये आहे. लहान मुलांच्या खेळण्यांची गोष्ट आणखी वेगळी. हजरत आयेशा (रजि.) लहानपणी बाहुल्यांशी खेळत. त्यांच्या खेळण्यांत चिंध्यांचे पंख लावलेला एक घोडा होता. घोड्याला पंख कसे, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी विचारले, तेव्हा हजरत सुलेमान (अलै.) यांच्या घोड्यांना पंख होते ना, असे उत्तर त्यांनी दिले आणि प्रेषित (स.) मनमोकळे हसले. या आधारावर अनेक उलेमा मुलांच्या खेळण्यांना परवानगी देतात, काही देत नाहीत. “आपल्या घराने आपल्या आलिमांना विचारून ठरवावे,” मौलानासाहेब म्हणाले. “पण मुलाने मातीत हात घालू नये, असे कोणी म्हटलेले नाही.”

मग आम्ही चौघी बसलो आणि ठरवले. शिबिराचा विषय माणसे-प्राणी हा ठेवायचा नाही. झाड, घर, पूल, होडी, विहीर, किल्ला, मिनार हे विषय द्यायचे. त्याने काही उणे पडेल असे आम्हाला वाटले नाही. ज्या कारागिरांनी विजापूरचा इब्राहिम रोजा घडवला, त्यांनी माणसाचा चेहरा न कोरता दगडात काय काय केले आहे ते जाऊन पाहावे. वेली, जाळ्या, अक्षरे. सोलापूरहून विजापूर दोन-अडीच तासांच्या वाटेवर. नळदुर्गच्या किल्ल्यातला पाणीमहाल तर त्याहून जवळ. नदीवर बांध घालून त्याच्याच पोटात खोल्या बांधणाऱ्यांच्या कल्पनेला काय कमी होते?

त्या घरी पुन्हा जाऊन हे सांगितले. मुलीचे अब्बू काही बोलले नाहीत. दादी बोलल्या. “चिकटवायला काय घेता?” आम्ही म्हणालो, “काट्यांनी टाचतो, सुतळीने बांधतो.” दादी हसल्या. त्यांच्या माहेरी हातमाग होता. ताण्याला लावायची खळ त्या लहानपणी स्वतः शिजवत. चिंचोके भाजायचे, वरचे तपकिरी टरफल काढायचे, आतला गर भिजवून वाटायचा आणि पाण्यात घालून मंद आचेवर घोटत राहायचे. घोंगडी विणणारेही हीच खळ वापरतात. तिसऱ्या सकाळी मुलगी आली ती खळीचे पातेले घेऊनच.

दहा वाजता तिला न्यायला तिचे अब्बू आले. फाटकापाशी उभे राहून पाहत होते. एक मुलगा दोन सुतळ्या जोडत होता आणि त्याची गाठ पुन्हा पुन्हा सुटत होती. ते आत आले, खाली बसले आणि विणकरांची गाठ घालून दाखवली. मागावर तुटलेला धागा जोडतात ती, चपटी, बोटाला न लागणारी. दोनदा दाखवली, तिसऱ्यांदा मुलाकडून करून घेतली आणि लेकीला घेऊन गेले.

सगळेच असे गोड झाले नाही, हेही सांगितले पाहिजे. दुसरा एक मुलगा पहिल्या दिवसानंतर आलाच नाही. त्याच्या घरच्यांना विषय बदलूनही पटले नाही. तो त्यांचा निर्णय. आम्ही सलाम करून परतलो. रस्त्यात तो भेटतो तेव्हा खिशातून गुळगुळीत दगड काढून दाखवतो.

पक्ष्याचे पक्ष्याला

तिसऱ्या दिवशी कोणीतरी सुगरणीचा खोपा आणला. बाभळीखाली पडलेला, मागच्या पावसाळ्यातला, रिकामा. आम्ही तो सगळ्यांना हाताळू दिला. चोचीने विणलेले ते गवत पाहून विणकरांच्या घरातली मुलेही गप्प झाली. एकाने विचारले, “झाडावरचा काढून आणू का?” तेव्हा आम्ही त्यांना ती हदीस सांगितली. एका सफरीत सोबत्यांनी एका पक्षिणीची पिले उचलली, ती कासावीस होऊन फडफडू लागली. प्रेषित (स.) यांनी ते पाहिले आणि तिची पिले तिला परत द्यायला लावली. खाली पडलेलेच उचलायचे, या आमच्या दुसऱ्या नियमाला याहून मोठा आधार कुठला?

आणि आमच्या त्या मुलाचे काय झाले?

पहिल्या दिवशी त्याने काहीच केले नाही. दुसऱ्या दिवशी त्याने पानांच्या कातरणीच्या सुरळ्या वळायला सुरुवात केली. आम्हाला वाटले, झाले, पुन्हा विड्याच. पण या सुरळ्या सारख्या मापाच्या नव्हत्या. काही बोटभर, काही नखाएवढ्या. त्याने त्या मातीच्या थापीत उभ्या रोवल्या, उंच मध्ये, बुटक्या बाहेर. तिसऱ्या दिवशी दादींच्या खळीने वर दुसरा थर चढवला. त्याला आम्ही विचारले, “मिनार का?” तो म्हणाला, “नाही. ऊस आहे. पाऊस पडल्यावरचा.” त्याच्या मामांचे शेत आहे, तिथे तो दिवाळीत जातो.

शेवटी ठरल्याप्रमाणे सगळ्यांनी आपापल्या वस्तू मोडून माती मातीत, शेंगा झाडाखाली परत केल्या. काही रडले, बरेचसे मोडतानाही खेळले. या मुलाने विचारले, “मी नेऊ का?” आम्ही हो म्हणालो. संध्याकाळी त्याची अम्मी भेटली. “हे आणलंय त्यानं, याचं काय करायचं म्हणून विचारलं, तर म्हणतो, काही नाही, बघायचं.” सांगताना तिला हसू आवरत नव्हते. घरातल्या कोनाड्यात, कात्रीच्या शेजारी, तो ऊस तिने ठेवला आहे. कात्री आणि पत्रा अजून आहेतच. शिबिराने हजारी मजुरी वाढत नाही, हे आम्हाला समजते.

घरच्या घरी

भगिनींनो, यासाठी शिबिरच हवे असे नाही. एक जुनी टोपली कोपऱ्यात ठेवा. कोयी, चिंचोके, कांद्याची पाती, नारळाची शेंडी, खजुराच्या बिया धुऊन, वाळवून तिच्यात टाकत चला. येत्या रमजानपासून सुरू करा. सुट्टीच्या सकाळी टोपली पालथी करा आणि मुलांसोबत बसा. पण तुम्ही करून देऊ नका. शाळेच्या कार्यानुभवाची वस्तू आपणच रात्री जागून करतो आणि गुण मात्र मुलाला मिळतात, तसे इथे नको.

थोडी काळजी घ्या. गुंजेच्या बिया, एरंडाच्या बिया, कण्हेर आणि पिवळ्या कण्हेरीची बिट्टी या विषारी आहेत, त्या टोपलीत नकोत. घरात तीन-चार वर्षांचे लेकरू असेल तर चिंचोक्याएवढ्या वस्तू त्याच्यापासून दूर ठेवा, घशात अडकतात. बाभळीचे काटे मोठ्या मुलांच्याच हाती द्या. विडीच्या पानांची कातरण घ्याल तर तंबाखू न लागलेलीच घ्या आणि काम झाल्यावर मुलांचे हात साबणाने धुवा. चिंचोक्याची खळ उरली तर झाकून ठेवा. आम्ही ठेवली नाही आणि दुसऱ्या सकाळी पातेल्यात मुंग्यांची रांग लागली.

घरात दादी-नानी असतील तर त्यांना बोलवा. त्यांच्या हातांत काय काय दडले आहे ते आपल्याला ठाऊक नसते. आणि मूल काही घेऊन समोर आले की ‘हे काय आहे?’ असे लगेच विचारू नका. ‘सांग बरे याची गोष्ट,’ असे म्हणा आणि ऐका. अल्लाहतआलाने दोन हात सगळ्यांच्याच मुलांना दिले आहेत.

तुमच्या टोपलीतून काय निघाले ते आम्हाला जरूर लिहा. मुलांनीच लिहिले तर आणखी चांगले. इन्शाअल्लाह, पुढच्या सुट्टीत शिबिर पुन्हा घेऊ. त्या मुलाने आत्ताच विचारून ठेवले आहे, “आपा, या वेळी मोठं करू?” किती, ते त्याने विचारले नाही.